डब्यातलं मापटं

गेल्या कित्येक महिन्यांत इथे एक ओळही खरडली नाही. कारण विचाराल तर आळस. पण परवाच्या लग्नात निदान चार जणांनी "ते आत्याच्या पानाचं नेमकं काय झालं होतं रे?" असं विचारलं, आणि जेवणाच्या रांगेत ताट सांभाळत प्रत्येकाला अर्धवट सांगून मी कंटाळलो. म्हणून एकदाच सगळं टंकून ठेवतो. ब्लॉगवाल्या मित्रांपैकी जे सॉफ्टवेअरवाले आहेत त्यांनी मधली समजावणी गाळली तरी चालेल. नातेवाईक मंडळींनी मात्र गाळू नये. चूक माझी होती, आणि ती कशी झाली हे त्याशिवाय कळणार नाही.

थोडी पार्श्वभूमी. आमच्या घराण्याचा छापील कुळवृत्तांत आहे, निळ्या कापडी बांधणीचा, बहुतेकांच्या माळ्यावर पडलेला. त्यात पुरुषांची नावं, जन्मसालं, नोकऱ्या, कोण कुठल्या गावी गेलं, सगळं आहे. मुलींच्या बाबतीत मात्र "कन्या दोन" किंवा "कन्या तीन" एवढंच. नावं नाहीत. मोठ्या काकांनी रिटायर झाल्यावर एक जाड वही घातली आणि त्या वृत्तांताची पुढची भर लिहायला घेतली. २०१६ च्या सुरुवातीला मी त्या वहीवरून एक छोटी साईट केली. या ब्लॉगवर तेव्हा मी तिची बरीच टिमकी वाजवली होती, जुन्या वाचकांना आठवेल.

साईट अगदी साधी. प्रत्येक माणसाची एक मजकुराची फाईल. त्या सगळ्या फायली एका साच्यात ओतायच्या, की प्रत्येकाचं एक पान तयार होतं आणि पानापानांतून बापाकडून मुलाकडे, भावाकडून भावाकडे जाणारे दुवे. साचा मी जेड नावाच्या भाषेत लिहिला होता. तो चालवणारा कार्यक्रमही जेडच. काळ्या खिडकीत "जेड" असं टंकायचं, पुढे फायलींचं नाव द्यायचं, एंटर मारायचा. पानांच्या सजावटीसाठी असंच आणखी एक अवजार. ही दोन्ही मी माझ्या लॅपटॉपवर "मायनस जी" लावून बसवली होती. जी म्हणजे ग्लोबल, अख्ख्या मशिनसाठी एकच.

त्या काळी कुठलाही धडा उघडा, पहिल्याच ओळीत हे मायनस जी असायचं. ते का, हे कुणी सांगत नव्हतं आणि आपणही विचारत नव्हतो. एकदा बसवलं की कुठल्याही फोल्डरमध्ये उभं राहून हाक मारावी आणि अवजार हजर! फार ऐटीत वाटायचं. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये मात्र जेडचा मागमूस नव्हता. होती फक्त एक चार ओळींची स्क्रिप्ट, तिच्यात "जेड" असा शब्द. कुठली जेड, कुठल्या आवृत्तीची, काही नाही.

मग काकांनी मुलींची नावं गोळा करायला घेतली.

हे कसं सुरू झालं ते सांगायला हवं. आत्या एकदा काकांकडे राहायला आली होती. ती आता ऐंशीला टेकलेली. काकांच्या सुनेने कौतुकाने तिला फोनवर साईट दाखवली. आजोबांचं पान उघडलं. तिथे तिन्ही मुलांची नावं, प्रत्येकाला दुवा, आणि खाली "कन्या एक". आत्याने चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला आणि एवढंच म्हणाली, "ती एक म्हणजे मी का?" काका सांगतात की त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फोन करायला सुरुवात केली. दीड वर्ष करत होते. कुठली मुलगी कुठल्या घरी गेली, तिचं माहेरचं नाव काय होतं, तिने काय केलं. कित्येकींची माहेरची नावं त्यांच्या स्वतःच्या नातवंडांनाच ठाऊक नव्हती. शेवटी वहीत शंभराच्या वर नावं जमली. २०२४ च्या डिसेंबरात देवीच्या वार्षिकाला सगळे गावी जमणार होते, त्याआधी ती साईटवर यावीत अशी काकांची इच्छा होती. मला म्हणाले, "माझं वय आता सत्त्याऐंशी. पुढच्या वार्षिकाचं तू बोलू नकोस."

माझ्याकडे वेळ नव्हता (म्हणजे मी काढला नाही). भाचा बंगळूरला नोकरीला लागलेला, हुशार, शिवाय उत्साही. फोल्डर उचललं, त्याला पाठवलं. जाता जाता लक्षात आणून देतो, भाचा म्हणजे बहिणीचा मुलगा. जुन्या रीतीप्रमाणे आमच्या कुळवृत्तांतात त्याचं नाव येतच नाही. त्याच्या आईच्या जागीही "कन्या एक" एवढंच होतं.

आता जरा तांत्रिक.

भाच्याने स्क्रिप्ट चालवली. त्याच्या मशिनने उत्तर दिलं, जेड नावाची आज्ञा सापडत नाही. बरोबरच आहे, ती माझ्या लॅपटॉपच्या पोटात होती, फोल्डरमध्ये नव्हती. त्याने ती बसवायला घेतली तर सूचना आली की जेडचं नाव बदलून पग झालंय, जेडऐवजी पगची नवी आवृत्ती घ्या. हे खरं आहे. जेड हा शब्द दुसऱ्या कुणाचा तरी नोंदणीकृत ट्रेडमार्क निघाला म्हणून २०१६ मध्येच ते नामांतर झालं. मुलगा शहाणा, सूचना वाचणारा. त्याने पग बसवला, तोही मायनस जी, आणि स्क्रिप्टमध्ये "जेड"च्या जागी "पग" असं लिहिलं. कुठेही लाल अक्षरं आली नाहीत. सगळी पानं भराभर तयार झाली. त्याने दोन-चार पानं उघडून पाहिली, नावं नीट दिसत होती, सगळं साईटवर चढवलं आणि घरच्या ग्रुपवर जाहीर केलं. अंगठे, फुलं, हात जोडलेले, काय काय आलं!

चौथ्या दिवशी रात्री नऊला काकांचा फोन.

"अरे, आत्याचा फोन होता. तिचं नाव आलंय, पण त्यावर बोट ठेवलं की पान सापडलं नाही असं येतंय."

मी जेवत होतो. उठून लॅपटॉप उघडला, फोल्डरमध्ये स्क्रिप्ट चालवली, आजोबांच्या पानावर गेलो, आत्याच्या नावावर टिचकी मारली. पान उघडलं. छान, आत्याची सगळी माहिती.

"काका, माझ्याकडे तर चालतंय. तिच्या फोनचाच काही घोळ असेल. जुना आहे ना तो."

हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा उच्चारलं असेल! ऑफिसात तर आमच्या धंद्याचं ते घोषवाक्यच आहे, लोक कपांवर छापून घेतात. पण त्या रात्री ते एका ऐंशी वर्षांच्या बाईला सांगितलं गेलं, काकांच्या मार्फत. आणि तिने त्याचा अर्थ काय लावला असेल? ती काकांना म्हणाली होती (हे मला नंतर कळलं), "नाव दिलंत हेच पुष्कळ झालं. पान नसलं तरी चालेल मला."

बाकीच्या कुणाच्या नावावर तिने बोट ठेवून पाहिलंच नव्हतं. पाहिलं असतं तर तिला दिसलं असतं की कुणाचंच पान उघडत नव्हतं. माझंही नाही, काकांचंही नाही. ग्रुपवर अंगठे देणाऱ्यांपैकी एकानेही चार दिवसांत एकाही दुव्यावर टिचकी मारली नव्हती. :-)

यावर हसू आता येतंय. तेव्हा दोन दिवस मी तिच्या फोनलाच दोष देत होतो. काकांनी पुन्हा फोन केला आणि या वेळी त्यांचा आवाज कडक होता: "मी माझ्या फोनवर पाहिलं, माझंही उघडत नाही. आता माझाही फोन जुना का?" तेव्हा कुठे मी माझ्या मशिनवरची प्रत सोडून खरी साईट उघडली.

दुव्यांकडे पाहिलं तर पत्त्यात माणसाच्या क्रमांकाऐवजी हॅशचं चिन्ह आणि महिरपी कंस तसेच्या तसे उमटले होते. साच्यात मी दुवे असे लिहिले होते की अवतरणचिन्हांच्या आत हॅश, महिरपी कंस आणि त्यात क्रमांकाचं नाव. जेड ते ओळखून तिथे खरा क्रमांक भरायची. पगच्या दुसऱ्या आवृत्तीपासून हे बंद झालं. साध्या मजकुरात अजून भरतात, म्हणून नावं बरोबर आली. पण दुव्याच्या पत्त्यासारख्या जागी भरत नाहीत, कंस जसाच्या तसा सोडून देतात, तक्रारही करत नाहीत. ब्राउझर पत्त्यातला हॅशपुढचा भाग सर्व्हरकडे पाठवतच नाही. त्यामुळे तो नुसत्या फोल्डरच्या दारात जाऊन उभा राहत होता आणि तिथून "पान सापडलं नाही" घेऊन परत येत होता.

आणि माझ्याकडे का चालत होतं? २०२२ मध्ये जुन्या लॅपटॉपची बॅटरी फुगली, तो टाकून दिला, नवा घेतला. नव्यावर मी हाताला सवय म्हणून पुन्हा जुनीच जेड बसवली होती, १.११.० ही तिची शेवटची आवृत्ती. ती नाव बदलल्याची सूचना मलाही आली असणार. मी वाचली नाही. म्हणजे आमच्या दोघांतला ज्याने सूचना वाचली त्याचं बिघडलं आणि ज्याने वाचली नाही त्याचं चाललं. जगात न्याय नाही!

त्या रात्री भाच्याशी तास-दीड तास बोलणं झालं. तो बिचारा माफी मागत होता. मी म्हटलं, अरे, तुझं काही चुकलं नाही. तुला मी फोल्डर दिलं आणि अवजार माझ्याकडेच ठेवलं.

नातेवाइकांसाठी हे जरा सोपं करतो. काळ्या खिडकीत तुम्ही एखाद्या अवजाराचं नाव टंकता तेव्हा संगणक काही ठरलेल्या फोल्डरांमधून, ठरलेल्या क्रमाने, त्या नावाचं कुणी आहे का हे पाहत जातो. त्या यादीला पाथ म्हणतात. जो पहिला सापडेल तो चालवायचा. आमच्या जुन्या वाड्यात "बाळ्याऽऽ" अशी हाक मारली की चार बिऱ्हाडांतले चार बाळे होते, पण जो ओटीवर खेळत असेल तोच धावत यायचा. हाक मारणाऱ्याला कुठला हवा होता याचा प्रश्नच नाही. ग्लोबल अवजार म्हणजे ओटीवरचा बाळ्या. तुमच्या ओटीवर एक, भाच्याच्या ओटीवर दुसरा, स्क्रिप्टमध्ये नुसतं "बाळ्या".

त्यावरचा उपाय असा की प्रकल्पाला लागणारी अवजारं प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच बसवायची. मायनस जी गाळलं की एनपीएम नेमकं हेच करतं. फोल्डरच्या आत नोड-मॉड्यूल्स नावाचं फोल्डर तयार होतं, त्याच्या पोटात डॉट-बिन नावाचं आणखी एक, आणि तिथे आपली जेड बसते. शेजारी पॅकेज-डॉट-जेसन या फाईलमध्ये नाव आणि आवृत्ती लिहिली जाते, आणि लॉक फाईलमध्ये तर त्या अवजाराला लागणाऱ्या बारीकसारीक सुट्या भागांच्याही आवृत्त्या दशांशासकट. या दोन छोट्या फायली फोल्डरबरोबर पाठवायच्या. नोड-मॉड्यूल्सचं बोजड गाठोडं पाठवायची गरज नाही, समोरचा एका आज्ञेत तेच भाग तसेच्या तसे पुन्हा उभे करतो.

पण मग हाक कशी मारायची? अवजार पाथवर तर नाही. त्यासाठी एनपीएक्स. आज्ञेच्या आधी हा एक शब्द लावायचा, की तो आधी प्रकल्पाच्या डॉट-बिनमध्ये पाहतो आणि तिथलं अवजार चालवतो. २०१७ च्या जुलैमध्ये एनपीएमच्या ५.२.० या आवृत्तीबरोबर तो आपोआप मिळायला लागला. माझी साईट त्याच्या आधीची, ही सबब मी भाच्याला ऐकवून पाहिली. तो म्हणाला, "मामा, एनपीएम रन तर तेव्हाही होतं." होतंच. पॅकेज-डॉट-जेसनमध्ये आज्ञा लिहून ठेवली आणि एनपीएम रनने चालवली, तर तेवढ्या वेळापुरता प्रकल्पाचा डॉट-बिन पाथच्या सगळ्यांत पुढे लावला जातो. आणि ते नको तर डॉट-बिनचा पूर्ण पत्ता टंकायला कुणी हात धरला नव्हता. म्हणजे सबब फेटाळली गेली.

एनपीएक्सबद्दल एक इशारा मात्र देतो, कारण भाच्यालाही तो माहीत नव्हता. अवजार प्रकल्पात नसेल तर एनपीएक्स गप्प बसत नाही, त्या नावाचं पॅकेज जालावरून आणून चालवायला निघतो. २०२० मध्ये आलेल्या एनपीएमच्या सातव्या आवृत्तीपासून तो आधी विचारतो, त्याआधी विचारतही नसे. टाइपस्क्रिप्टच्या कंपायलरची आज्ञा आहे टीएससी, पण त्याचं पॅकेज टाइपस्क्रिप्ट या नावाचं आहे. प्रकल्पात टाइपस्क्रिप्ट न बसवता "एनपीएक्स टीएससी" म्हटलं तर टीएससी नावाचं एक भलतंच पॅकेज येतं. त्याचा कर्ता भला माणूस, तो फक्त "तुम्ही शोधताय ती ही आज्ञा नव्हे" असं सांगतो. दुसरा कुणी असता तर? म्हणून आधी प्रकल्पात बसवायचं, मग हाक मारायची. "आणू का?" असं त्याने विचारलं तर होय म्हणण्याआधी थांबून नाव वाचायचं.

हे सगळं बोलताना मला आजीचा तांदळाचा डबा आठवला. आजीचं भाताचं प्रमाण पितळी मापट्याचं होतं. ते मापटं कायम तांदळाच्या डब्यात, तांदळात रुतवून ठेवलेलं. डाळीच्या डब्यात डाळीचं चिपटं. एकदा धाकट्या काकूने ते मापटं कशासाठी तरी बाहेर नेलं आणि डब्यात स्टीलची वाटी टाकून ठेवली. संध्याकाळी वीस माणसं जेवायला, तीन मापटी तांदूळ सांगितलेले, तीन वाट्या पडले. आजी ओरडली नाही. फक्त म्हणाली, "मापटं डब्याचं असतं गं, घराचं नसतं." पुढे कधी ते डब्यातून हललं नाही. मेट्रिक मापं १९५८ पासून यायला लागली, त्याच्या आधीच्या माणसांना हे उपजत कळत असावं. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, पायली, नावं सगळीकडे तीच, पण या गावची पायली त्या गावच्या पायलीएवढी असेलच याची खात्री नसे. मापाचं नुसतं नाव सांगून भागत नसे, माप दाखवावं लागे.

बाकीच्या जगालाही हे ठेचा खाऊनच कळलंय. पायथनवाल्यांनी त्यासाठी व्हेन्व्ह आणलं, ते २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून भाषेबरोबरच येतं. आता तर डेबियनसारख्या लिनक्सच्या १२ व्या आवृत्तीपासून (२०२३) सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने काही घुसवायला गेलात तर सरळ नकार मिळतो, वेगळी खोली करा म्हणतात. रूबीवाल्यांचं बंडल एक्झेक, जाव्हावाल्यांचा ग्रेडल रॅपर, सगळे त्याच वाटेचे. आमच्या ऑफिसात तरी दर वर्षी कुणीतरी नव्याने ठेचकाळतोच. २०२३ मध्ये प्रिटियरची तिसरी आवृत्ती आली आणि शेवटच्या स्वल्पविरामाबद्दलचं तिचं मूळ मत बदललं. ज्याच्या मशिनवर ग्लोबल प्रिटियर नवी होती त्याने एक फाईल सेव्ह केली की तीसभर ओळी बदललेल्या, दुसऱ्याने सेव्ह केली की त्या परत पूर्ववत. दोन सुशिक्षित माणसं आठवडाभर एकमेकांचे स्वल्पविराम पुसत होती.

सगळंच प्रकल्पात कोंबावं असं मात्र मी म्हणणार नाही. गिट, एडिटर, खुद्द नोड, ही घरची भांडी. (नोडची कुठली आवृत्ती हवी तेवढं प्रकल्पात लिहून ठेवावं.) ज्याच्यामुळे निघणारी वस्तू बदलू शकते ते प्रकल्पाचं, अशी मी माझ्यापुरती रेघ ओढली आहे. जागा बरीच जाते हे खरं, प्रत्येक प्रकल्पात तीच तीच अवजारं पुन्हा. माझं लहानपण एक भांडं चार कामांना वापरणाऱ्या घरात गेल्यामुळे मला ते अजून खुपतं.

तर त्या रात्री काय केलं? भाच्याचं म्हणणं होतं की साचाच पगच्या नव्या पद्धतीने लिहून टाकू. बरोबरच होतं त्याचं. पण वार्षिकाला अकरा दिवस उरले होते, आणि मला अजून एक नवा घोळ नको होता. आम्ही ठरवलं की आधी जसं होतं तसं उभं करायचं. प्रकल्पात जेड १.११.० बसवली, नेमकी तीच. पॅकेज-डॉट-जेसनमध्ये आवृत्तीच्या आधी ते टोपीचं चिन्ह येतं, ज्याचा अर्थ "ही किंवा हिच्यापुढची चालेल", ते मुद्दाम काढून टाकलं. एनपीएमने बरीच कुरकुर केली, हे जुनं आहे, यात सुरक्षेची भोकं आहेत वगैरे. साच्यात ओतला जाणारा मजकूर काकांच्या वहीतला, त्यामुळे तूर्त दुर्लक्ष केलं. सजावटीचं जुनं अवजार मात्र नव्या नोडवर बांधलंच जाईना. ते ज्या लिबसासवर उभं होतं ते २०२० मध्येच निकालात काढलेलं. तिथे डार्ट सास घेतलं, तेही प्रकल्पातच, आवृत्ती लिहून.

मग मी माझ्या मशिनवरची ग्लोबल जेड काढून टाकली. आठ वर्षांची सवय, जरा जड गेलं. "जेड" टंकलं, सापडत नाही म्हणाला. "एनपीएक्स जेड" टंकलं, धावत आली. भाच्याने बंगळूरला तेच केलं. दोघांनी तयार झालेली सगळी पानं एकमेकांशी ताडून पाहिली, एका अक्षराचाही फरक नव्हता. पहाटेचा दीड वाजला होता. या वेळी साईटवर चढवल्यावर आम्ही प्रत्येक नावावर टिचकी मारली. भाच्याने विषम क्रमांक घेतले, मी सम.

सकाळी आत्याला मी स्वतः फोन केला. म्हटलं, "आत्या, तुझ्या फोनचा काही दोष नव्हता. माझा होता." ती म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं," आणि विषय बदलला. काकांना सविस्तर समजावून सांगितलं, पाथ, ग्लोबल, लोकल, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वही उघडायला काही इन्स्टॉल करावं लागत नाही." यावर काय बोलणार! शिवाय त्यांचा मुद्दा दिसतो त्याहून खोल आहे. आवृत्ती कितीही नेमकी लिहिली तरी ती वस्तू जिथून आणायची ते कोठार शाबूत हवं. २०१६ च्या मार्चमध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या कर्त्याने एनपीएमवरून काढून घेतलं आणि जगभरातले प्रकल्प बांधले जाईनासे झाले, आठवतंय ना? म्हणून तयार झालेली पानंही आता आम्ही प्रकल्पात जपून ठेवतो, आणि काकांच्या आग्रहावरून एक छापील प्रतही काढली.

वार्षिकाला देवळाच्या ओसरीवर दुपारच्या जेवणानंतर आत्या खांबाला टेकून बसली होती. भाचा तिच्याशेजारी. तिने आपला तोच जुना फोन काढला, आजोबांचं पान उघडलं, आपल्या नावावर बोट ठेवलं. पान उघडलं. ती बराच वेळ वाचत होती. वाचण्यासारखं फार नव्हतं खरं तर, सातआठ ओळी. जन्म, शिक्षण, कुठे दिली, किती वर्षं शाळेत शिकवलं, मुलं, नातवंडं. मग मुलांच्या नावांवर बोट ठेवून ती पुढच्या पानांवर गेली, तिथून नातवंडांच्या, आणि तिथून परत उलटी आपल्या पानावर.

मग भाच्याला म्हणाली, "शाळेची वर्षं चुकलीत रे. एकोणतीस लिहिलंय. एकतीस होती. पहिली दोन मी पगाराशिवाय शिकवलं, ती काकांनी धरली नाहीत."

काका समोरच बसले होते. त्यांनी पिशवीतून वही काढली, पेन शोधलं आणि तिथेच दुरुस्ती केली. साईटवरची भाच्याने घरी गेल्यावर दोन मिनिटांत केली. पगचा साचा अजून बाकी आहे. तो म्हणतो दिवाळीच्या सुट्टीत करतो, वेगळ्या शाखेवर, मामाने हात लावायचा नाही.